पितळ किती दाबायचे? रायफलच्या पुंगळ्यांसाठी पहिली रिसायझिंग डाय निवडताना

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझी उमेदीची वर्षे प्रेस टूलच्या डाय बनवण्यात गेली आणि नंतरची सहा वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात. तिथे एका सहकाऱ्यामुळे रायफल नेमबाजीचा आणि त्यापाठोपाठ स्वतःची काडतुसे पुन्हा भरण्याचा, म्हणजे रिलोडिंगचा, छंद लागला. काडतुसाचे झाडून फुगलेले पितळी कवच पुन्हा मापात दाबणारा साचा म्हणजे रिसायझिंग डाय. आता मी नाशिकला परतलो आहे, पण तिकडे स्थायिक झालेल्या ओळखीच्या मुलांचे रविवारी फोन येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: “काका, दुकानात सहा प्रकारच्या डाय आहेत, कोणती घेऊ?” मी प्रत्येकाला तेच विचारतो की, तुझ्या रायफलमधून निघालेली पुंगळी तू मोजली आहेस का? बहुधा मोजलेली नसते. डायची निवड दुकानात होत नाही, ती व्हर्निअरवर होते, हे एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे म्हणून हा लेख.

शब्दांबाबत एक खुलासा. मराठी वर्तमानपत्रे काडतुसाच्या रिकाम्या पितळी कवचाला पुंगळी म्हणतात, तोच शब्द मी वापरतो. तिच्या भागांना बूड, अंग, खांदा आणि मान म्हणतो. इंचाच्या हजाराव्या भागाला आमच्या टूलरूममध्ये थाऊ म्हणत, तो शब्दही तसाच ठेवतो. एक थाऊ म्हणजे सुमारे पंचवीस मायक्रॉन.

१. आधी कायदा, मग खरेदी

हा लेख भारतात बसून काडतुसे भरण्यासाठी नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि त्याच कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे सुट्टीवर येताना बॅगेत टाकलेली डाय किंवा आठवण म्हणून आणलेल्या चार रिकाम्या पुंगळ्या तुम्हाला निरुपद्रवी वाटल्या तरी विमानतळावर तुमची बाजू लंगडी पडते. परत येताना माझे सगळे सामान मी तिकडच्या क्लबमधील सहकाऱ्याला देऊन आलो. नाशिकच्या घरी त्यातले काहीही नाही.

अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. परंतु आपल्या मुलांसाठी खरा सापळा वेगळाच आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसा हे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत, आणि अशा व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगण्यास मनाई आहे. याला काही अपवाद आहेत, त्यांपैकी नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे तेथील एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. त्या कायद्यातही दारूगोळा म्हणजे केवळ भरलेले काडतूस नव्हे: पुंगळी, प्रायमर (बुडात बसणारी, ठिणगी देणारी टोपी), गोळी आणि दारू (गोळी ढकलणारी ज्वालाग्राही भुकटी) हे चारही घटक त्यात धरलेले आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. राज्याराज्यांचे नियम आणखी निराळे असतात, म्हणून पहिला पैसा डायवर न घालवता तासाभराच्या वकिली सल्ल्यावर घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जवळ ठेवायची कागदपत्रे: व्हिसा किंवा ग्रीन कार्डची प्रत, लागू असल्यास चालू मुदतीचा शिकार परवाना, रायफलच्या खरेदीची पावती, आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर दारू व प्रायमर साठवण्याबाबत घरमालकाची लेखी संमती.

२. पुंगळीचे काय होते ते समजून घ्या

नाशिकच्या जुन्या तांबट आळीत ज्याने मठारकाम पाहिले आहे, त्याला पुढचे समजायला वेळ लागणार नाही. तांबट भांड्यावर ठोके घालत जातो तसा पत्रा कडक होत जातो. एका मर्यादेनंतर तो पुढे ठोकला तर फाटतो, म्हणून मध्येच त्याला तापवून पुन्हा मऊ करावे लागते. पुंगळीचे पितळ साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे असते आणि त्याचा स्वभावही हाच आहे. गोळी सुटते त्या क्षणी दाबामुळे पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, मग किंचित आत येते, आणि बाहेर निघते तेव्हा तिच्यावर तुमच्या रायफलच्या चेंबरचा जवळजवळ हुबेहूब ठसा उमटलेला असतो. ती पुन्हा वापरायची तर मान एवढी आवळावी लागते की नवी गोळी घट्ट धरली जाईल, आणि अंग व खांदा एवढे दाबावे लागतात की काडतूस अडकल्याशिवाय चेंबरमध्ये जाईल. रिसायझिंग डायचे काम एवढेच.

प्रत्येक दाब आणि प्रत्येक फुगवटा हा तांबटाचा एकेक ठोका आहे. जितके जास्त दाबाल तितकी पुंगळी पुढच्या वेळी जास्त फुगेल, आणि हे ताणणे मुख्यतः बुडाच्या जरा वर, जिथे जाड भिंत संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे होते. बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर अंगाभोवती चकचकीत कडे दिसू लागले, तर ती पुंगळी तुटण्याच्या मार्गावर आहे असे समजावे. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली असता तिथे खाच लागते. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी. रायफलमध्ये ती दोन तुकडे होऊन उष्ण वायू मागे सोडू शकते.

३. डाय घेण्याआधी मोजमाप

लागणारी साधने: अर्धा थाऊ वाचणारा डिजिटल किंवा डायल व्हर्निअर, खांद्यावर टेकणारा कंपॅरेटर (व्हर्निअरला जोडायचे तुलनेचे साधन), न दाबता फक्त जुना प्रायमर काढणारी डीकॅपिंग डाय, आणि तुमच्याच रायफलमधून झाडलेल्या निदान दहा पुंगळ्या. दुसऱ्याच्या रायफलमधल्या किंवा रेंजवरून वेचलेल्या पुंगळ्या या कामाला चालत नाहीत, त्यांच्यावर दुसऱ्या चेंबरचा ठसा असतो.

खांद्याचे माप बुडापासून खांद्यावरच्या एका ठरावीक व्यासापर्यंत घेतात. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी हा व्यास ०.४०० इंच आहे आणि .२२३ रेमिंग्टनसाठी ०.३३० इंच. कंपॅरेटरवर येणारा आकडा हा निखळ माप नसून तुलनेचा आकडा असतो, तेव्हा दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये. त्याच साधनावर झाडलेली पुंगळी आणि दाबलेली पुंगळी यांतील फरक तेवढा खरा धरावा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे प्रायमर न काढता मोजणे. झाडलेल्या प्रायमरची कड किंवा खड्ड्याभोवतीचा उंचवटा बुडाच्या पातळीवर एखाद-दोन थाऊ वर आला तरी सगळे मोजमाप फसते. दुसरी म्हणजे एकदाच झाडलेल्या नव्या पुंगळीवर विसंबणे. कारखान्याचे काडतूस मुद्दाम थोडे आखूड ठेवलेले असते आणि पहिल्या वेळी ते चेंबर पूर्ण भरेलच असे नाही. शक्य असेल तर दोन-तीन वेळा झाडलेल्या पुंगळ्यांमधील सर्वांत लांब आकडा वहीत लिहून ठेवावा.

हे माप इतके का महत्त्वाचे, ते एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकी उद्योगाच्या प्रमाणकानुसार .३०८ विंचेस्टरच्या चेंबरमध्ये खांद्यापर्यंतचे अंतर १.६३० ते १.६४० इंच असू शकते, तर काडतुसाचे १.६२७ ते १.६३४. नियमात पूर्णपणे बसणारे ऐसपैस चेंबर आणि नियमात पूर्णपणे बसणारे आखूड काडतूस एकत्र आले तर तब्बल तेरा थाऊंची फट पडते. डाय बनवणारा सर्वांसाठी बनवतो, तुमचे चेंबर त्याने पाहिलेले नसते.

४. डायचे प्रकार आणि माझी शिफारस

फुल-लेंथ डाय मान, खांदा आणि अंग असे सर्व एकाच वेळी दाबते. नवशिक्याने हीच घ्यावी. ती जुनाट आणि पुंगळीचे आयुष्य कमी करणारी आहे असा एक समज मुरलेला आहे. तो चुकीच्या बसवणीमुळे झालेला आहे, डायच्या दोषाने नव्हे. नीट बसवलेली फुल-लेंथ डाय खांदा केवळ एक-दोन थाऊ मागे नेते आणि पुंगळ्या वर्षानुवर्षे टिकतात.

नेक डाय फक्त मान आवळते, अंगाला हात लावत नाही. बोल्ट रायफलसाठी, म्हणजे जिचा मागचा अडसर (बोल्ट) दर गोळीला हाताने उघडून बंद करावा लागतो तिच्यासाठी, ती आकर्षक वाटते, कारण पितळाला कमीत कमी त्रास होतो. परंतु चार-पाच वेळा झाडल्यावर अंग आणि खांदा इतके घट्ट होतात की बोल्ट दाबून बंद करावा लागतो, आणि मग शेवटी फुल-लेंथ डाय विकत घ्यावीच लागते. ‘ली’ कंपनीची कॉलेट डाय हा याच कुळातील वेगळा प्रकार आहे. ती मानेला बाहेरून बोटांनी पकडल्यासारखी मँड्रेलवर (आतल्या दांडीवर) आवळते आणि तिला वंगण लागत नाही. कल्पना सुंदर आहे, पण ती दुसरी डाय म्हणून घ्यावी. अर्ध-स्वयंचलित रायफल असेल तर नेक डायचा विचारच सोडून द्यावा.

बुशिंग डायमध्ये मानेच्या जागी बदलता येणारे कडे असते आणि ही कडी एकेका थाऊच्या फरकाने मिळतात. हिशेब सोपा आहे. गोळी बसवलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास मोजावा आणि त्यातून दोन थाऊ वजा करावेत. .३०८ मध्ये तो व्यास ०.३३६ आला तर कडे ०.३३४ चे. मात्र पुंगळ्यांची कंपनी बदलली की मानेची जाडी बदलते आणि कडेही बदलावे लागते. त्यामुळे एकाच कंपनीच्या शंभर पुंगळ्या जमवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

स्मॉल-बेस डाय बुडाजवळचे अंग नेहमीपेक्षा किंचित जास्त दाबते. अर्ध-स्वयंचलित रायफलमध्ये, आणि तेही साधी फुल-लेंथ डाय वापरून काडतूस अडत असेल तरच, तिची गरज पडते. “जास्त दाबलेले केव्हाही सुरक्षित” असे सांगून दुकानदार ती गळ्यात मारू पाहतात. पितळाच्या बाबतीत हे वाक्य खोटे आहे.

बॉडी डाय, म्हणजे मान सोडून उरलेले दाबणारी, नवशिक्याला नको. कार्बाइड डायबद्दल एवढेच की, पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना तिच्यात वंगण लागत नाही, म्हणून रायफलच्या खांदेदार पुंगळीलाही लागणार नाही असे कोणी म्हटले तर त्यावर विश्वास ठेवू नये. लागतेच.

५. प्रेस, आटे आणि शेल होल्डर

डाय ज्यात बसवून दांड्याने पुंगळी तिच्यात ढकलतात ते यंत्र म्हणजे प्रेस. बहुतेक डाय आणि प्रेस यांचे आटे ७/८ इंच व्यास आणि इंचाला चौदा असे असतात, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बसते. हाताच्या छोट्या आर्बर प्रेससाठी बनवलेल्या डायना आटेच नसतात, त्या चुकून मागवू नयेत. पुंगळीचे बूड धरणारा शेल होल्डर अनेक संचांत मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. .३०८ विंचेस्टर, .२४३ विंचेस्टर, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूर यांचे बूड एकाच मापाचे, ०.४७३ इंच, असल्याने त्यांना एकच होल्डर चालतो. .२२३ चा वेगळा.

डायवर कोरलेले नाव आणि रायफलच्या नळीवर कोरलेले नाव अक्षरशः एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. “सारखेच असते हो” या वाक्यावर डाय घेऊ नये.

६. डाय बसवणे: इथेच सगळे बिघडते

बहुतेक डायच्या पेटीतल्या कागदावर लिहिलेले असते की, शेल होल्डर पूर्ण वर आणा, डाय त्याला टेकेपर्यंत खाली फिरवा आणि मग त्याच दिशेने आणखी अष्टमांश ते चतुर्थांश फेरा द्या. ही सूचना दुष्ट नाही. जगातल्या कोणत्याही रायफलमध्ये काडतूस जावे एवढाच तिचा हेतू आहे. पण तिचा अर्थ असा की, तुमचे चेंबर कसेही असो, खांदा डायच्या तळापर्यंत ढकलला जाणार. मी पहिले सहा महिने हेच करत होतो आणि माझ्या पुंगळ्यांवर पाचव्या भरणीला ते चकचकीत कडे दिसू लागले. मोजल्यावर कळले की मी दर वेळी खांदा सात थाऊ मागे नेत होतो. आयुष्यभर मायक्रॉनच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने व्हर्निअर खिशात ठेवून कागदावर विश्वास ठेवला, याची मला आजही लाज वाटते.

आता आट्यांचे गणित पाहा. इंचाला चौदा आटे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ७१ थाऊ. डायच्या आट्यांचा घेर साधारण सत्तर मिलिमीटर आहे. म्हणजे घेरावर एक मिलिमीटर फिरवले की डाय जवळपास एक थाऊ खाली जाते. मार्कर पेनने डायवर आणि प्रेसवर समोरासमोर एकेक रेघ मारली की तुमचा सूक्ष्म मापक तयार झाला.

पद्धत अशी. डाय होल्डरला टेकवून मग तिला एक फेरा वर न्यावे. वंगण लावलेली, प्रायमर काढलेली पुंगळी दाबावी, पुसावी आणि मोजावी. डाय थोडी थोडी खाली आणत दर वेळी हेच करावे. काही वेळाने एक चमत्कारिक गोष्ट दिसेल: आकडा कमी होण्याऐवजी दोन-तीन थाऊंनी वाढेल. घाबरू नका आणि व्हर्निअरला दोष देऊ नका. अंग दाबले जात असताना पितळाला जागा फक्त पुढे असते, म्हणून डायचा खांदा टेकण्याआधी पुंगळीचा खांदा पुढे सरकतो. ट्यूब दाबली की पेस्ट तोंडाशी येते, तसे. अनेकजण नेमके इथे थांबतात आणि मग बोल्ट बंद होत नाही म्हणून डायला शिव्या देतात. आणखी एकेक मिलिमीटर फिरवत जावे. आकडा उतरू लागेल. वहीतील आकड्यापेक्षा एक ते दोन थाऊ कमी झाला की बोल्ट रायफलसाठी थांबावे. अर्ध-स्वयंचलितसाठी तीन ते पाच. मग पुंगळी आत असताना, प्रेसच्या दांड्यावर दाब ठेवूनच, लॉक रिंग (डाय जागेवर पक्की करणारे कडे) आवळावी. मोकळ्या प्रेसवर आवळली तर आट्यांमधला ढिलेपणा वेगळ्या बाजूला बसतो आणि एखादा थाऊ हातचा जातो.

पितळ दाब काढल्यावर किंचित उलट येते, आणि जुने कडक पितळ नव्या मऊ पितळापेक्षा जास्त येते. म्हणून एकाच वयाच्या पुंगळ्या एका डब्यात ठेवाव्यात आणि डब्यावर किती वेळा झाडल्या ते लिहावे. वेगवेगळ्या वयाच्या पुंगळ्यांवर डाय बसवणे म्हणजे वाळूवर लेथ मशीन बसवणे.

७. वंगण, आणि अडकलेली पुंगळी

वंगणाच्या बाबतीत माझा अहंकार मला नडला. टूलरूममधला माणूस, त्याला वंगण कोण शिकवणार, या थाटात मी साध्या फवाऱ्याच्या तेलाचा पातळ हात पुंगळीवर फिरवला. दांडा अर्ध्यावर आला, करकर असा आवाज झाला आणि मी आणखी जोर लावला. होल्डरने बुडाची कड ओरबाडून काढली आणि पुंगळी डायमध्ये राहिली. ती काढायला आधी डीकॅपिंग रॉड जमेल तेवढा वर घ्यावा लागतो, मग बुडाला भोक पाडून १/४-२० चा टॅप मारून आटे पाडावे लागतात आणि बोल्टने ती वर खेचावी लागते. याचा तयार संच मिळतो. दोन तास गेले, डाय मात्र वाचली.

त्यासाठी बनवलेले मेणासारखे वंगणच घ्यावे आणि बोटांनी अंगावर एकसारखे चोळावे, विशेषतः बुडाच्या जरा वर. खांद्यावर मात्र लावू नये. तिथे साचलेल्या वंगणाला जायला वाट नसते आणि खांद्यावर खळगे पडतात. अल्कोहोलमध्ये विरघळवलेले लॅनोलिन फवारत असाल तर ते वाळेपर्यंत पाच मिनिटे थांबावे. आणि दांडा जड लागला की थांबावे, मागे घ्यावे, पुन्हा वंगण लावावे.

मानेच्या आतही थोडे वंगण हवे. साध्या फुल-लेंथ डायमध्ये पुंगळी खाली येताना एक्स्पांडरचा गोळा, म्हणजे मान आतून मापाला रुंदावणारा भाग, मानेतून ओढला जातो. तो कोरडा असला तर करकरतो, मान वाकडी करतो आणि कधीकधी मेहनतीने बसवलेला खांदाही पुढे ओढतो. काम झाल्यावर सगळे वंगण पुसून काढावे. आत राहिलेले वंगण दारू खराब करते, आणि बाहेर राहिलेले पुंगळीला चेंबरच्या भिंतीवर पकड घेऊ देत नाही, त्यामुळे बोल्टवर भार वाढतो.

८. पहिल्या दहा पुंगळ्या

एकदम शंभर दाबू नयेत. दहा दाबाव्यात आणि त्यांची एकूण लांबीही मोजावी, कारण दाबताना पितळ मानेकडे वाहते. .३०८ साठी कमाल लांबी २.०१५ इंच आहे. त्यापुढे गेलेली पुंगळी २.००५ पर्यंत कापून घ्यावी, अन्यथा मानेची कड चेंबरच्या टोकात अडकून गोळीला चिमटा बसतो आणि दाब धोकादायक वाढतो. दारू किती आणि कोणती, हा या लेखाचा विषय नाही. ते आकडे फक्त छापील रिलोडिंग पुस्तिकेतून घ्यावेत, मित्राच्या वहीतून नव्हे.

शेवटची परीक्षा रायफलमध्येच करावी. रायफल पूर्ण रिकामी आहे याची खात्री करून बोल्टमधून फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) आणि जमत असेल तर इजेक्टरही (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढावा, म्हणजे स्प्रिंगचा जोर हाताला फसवणार नाही. दाबलेली, रिकामी, प्रायमर नसलेली पुंगळी चेंबरमध्ये ठेवून बोल्ट पुढे न्यावा आणि हँडल सोडून द्यावे. ते स्वतःच्या वजनाने खाली पडले तर डाय बसली. अर्ध्यात थांबले तर घेरावर आणखी अर्धा मिलिमीटर फिरवून त्याच पुंगळीला पुन्हा मेण लावावे आणि पुन्हा दाबून पाहावे.